मधले बारा दिवस

या जगात एखादी गोष्ट आपोआप घडते यावर आमच्या व्याह्यांचा काडीचाही विश्वास नाही. पाऊस आणि भूकंप हे दोन अपवाद ते नाइलाजाने मान्य करतात. बाकी जे घडतं ते कुणीतरी सांगितलं म्हणून घडतं, आणि त्या कुणीतरीला नाव असतं, हुद्दा असतो, सही असते, असं त्यांचं ठाम मत. सव्वीस वर्षं सैन्यात कारकुनी करून ते आखाडा बाळापूरला परतले. येताना पेन्शन घेऊन आले आणि हे मतही. मुलाच्या लग्नानंतर आमच्याकडे पूजेचं जेवण होतं आणि वरणात मीठ जास्त पडलं. दुसरे व्याही अशा वेळी रुसतात. हे वाढप्यापासून निघाले, आचाऱ्याकडे गेले, तिथून आणखी दोघांना विचारलं आणि शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "इवाई, चव घेऊन 'वाढा' असं तुमीच सांगितलं व्हतं. बराबर?" बरोबर होतं. मला त्या दिवशी सर्दी होती, पण ती सबब त्यांनी नोंदवून घेतली नाही. विहीणबाई तेवढ्या हसत म्हणाल्या, "ह्यांची ही हौस घराबाहेर. घरात हुकूम कुणाचा, हे शोधायची गरजच न्हाई."

त्यांचं दुसरं वेड फळ्यांचं. कुठल्याही कार्यालयात शिरले की ते आधी साहेबाकडे पाहत नाहीत, साहेबाच्या डोक्यामागच्या फळ्याकडे पाहतात. आजवर त्या खुर्चीत कोण कोण बसलं, कधीपासून कधीपर्यंत, हे पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं ना, ते. एकदा माझ्याबरोबर, मी शिकवायचो त्या जुन्या शाळेत आले आणि फळ्यासमोर खिळून उभे राहिले. दोन मुख्याध्यापकांच्या मध्ये चाळीस दिवसांची फट होती.

"हे चाळीस दिवस कोण व्हतं?"

"मीच होतो, प्रभारी. प्रभारीचं नाव लिहीत नाहीत."

"काहून?"

हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. "आणि ह्या चाळीस दिवसांत काय झालं?" त्यांनी विचारलं. विशेष काही नाही, असं मी म्हणालो. खरं तर झालं होतं. शाळेच्या अंगणातली जुनी चिंच त्याच दिवसांत तोडली गेली. पोरं डबे घेऊन तिच्याखाली बसायची. ती का तोडली असं कुणी विचारलं, की 'वरून सांगितलं होतं' एवढं म्हणून मी आजवर सुटत आलो होतो. व्याह्यांना हे सांगितलं असतं तर ते 'वर' म्हणजे कोण, हे शोधत जिल्ह्यापर्यंत गेले असते.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची सून, हिंगोलीला वकील आहे. परदेशातल्या एका गटासाठी ती घरी बसून कॉम्प्युटरवर पुरावे जुळवायचं काम करते. दूरच्या एका देशात सैनिक एका खेड्यात आले आणि चार शेतकऱ्यांना घेऊन गेले, असं तिथले लोक सांगतात. ते चौघे परत आले नाहीत. त्यांतल्या एकाची आई इतकी वर्षं दारोदार एकच विचारते आहे, की माझ्या पोराला न्यायला कुणी सांगितलं? त्या दिवशी तिथल्या छावणीचा प्रमुख कोण होता हे दाखवता आलं, तरच कोर्ट पुढे जाणार होतं. छावणीच्या कचेरीचा एक फोटो मिळाला होता आणि त्यात फळा होता. पण जुना प्रमुख गेला त्या तारखेनंतर नवा आला तो तेराव्या दिवशी, आणि सैनिक आले ते नेमके या मधल्या बारा दिवसांत. जुना म्हणे मी गेलो होतो, नवा म्हणे मी आलो नव्हतो. सून रडकुंडीला आली आणि तिने वडिलांना फोन केला.

व्याही पहिल्या गाडीने हिंगोलीला हजर. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, खुर्ची रिकामी राहत नसती. फळ्यावर न्हाई म्हणजे माणूस न्हाई असं थोडंच? छावणी जवळच्या गावाला कायतरी वाटतच असती, बक्षिसाचे कप म्हणा, वह्या म्हणा. त्या बारा दिवसांतलं हुडक."

सुनेने आठवडाभर हुडकलं. तिथल्या एका शाळेच्या पानावर बक्षीस समारंभाचा फोटो सापडला, सैनिक येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवसाचा. व्याह्यांनी मधल्या खुर्चीतल्या, हार घातलेल्या अधिकाऱ्यावर बोट ठेवलं आणि विजयी मुद्रेने चहा मागवला. चहा येईपर्यंत कळलं, की तो राजधानीहून आलेला पाहुणा. दोन दिवस व्याही तोच फोटो पुन्हा पुन्हा बघत बसले. तिसऱ्या दिवशी पहाटेच सुनेला उठवलं. "हार घातलेला पाव्हणाच असतो. हार आणायला लावणारा कोपऱ्यात असतो. पोरीच्या हातातला कागद मोठा कर." बक्षीस मिळालेल्या मुलीने प्रमाणपत्र छातीशी धरलं होतं. मोठं केल्यावर खाली आदल्या दिवसाची, म्हणजे सैनिक आले त्याच दिवसाची तारीख दिसली, सही दिसली, नाव दिसलं आणि हुद्दा दिसला: प्रभारी छावणीप्रमुख.

सून आनंदाने ओरडली. व्याही मात्र गंभीर झाले. "यानंच नेलं असं लिहू नको. त्या दिवशी जबाबदारी याच्याकडं व्हती, एवढंच लिही. पुढचं कोर्ट विचारील."

मागच्या महिन्यात कोर्टाने त्या माणसाला जबाब द्यायला बोलावलं. त्या आईने निरोप पाठवला, तो सुनेने मराठीत वाचून दाखवला: 'आता मला कुणाला विचारायचं ते कळलं.' निकाल दूर आहे, मुलगा तर त्याहून दूर. पण ती म्हातारी आता त्या तारखेची वाट पाहते आहे, आणि तिच्याबरोबर आम्हीही. व्याह्यांनी तो निरोप तिला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं हुकूम टाइप केले, इवाई. ते कुणाच्या दारी गेले, मला कुणी सांगितलं न्हाई." त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले, आणि या माणसाची मी एवढी थट्टा केली याची लाज वाटली.

त्याच रात्री मी त्यांना चिंचेचं सांगून टाकलं. 'वर' म्हणजे कोण हे त्यांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची परवानगी काढून ते पेंटरला घेऊन शाळेत गेले. आता त्या फळ्यावर दोन नावांच्या मध्ये बारीक अक्षरांत माझं नाव आहे, पुढे 'प्रभारी' आणि चाळीस दिवस. परवा जवळा बाजार या गावी एका जुन्या विद्यार्थिनीने मला थांबवलं. "गुरुजी, फळ्यावर तुमचं नाव वाचलं. मग आपली चिंच तुमीच तोडली काय?"

"व्हय," मी म्हणालो. "माझ्याच सहीनं."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या शेतात चिंचेचं रोप हाये. आणून देऊ?"

शाळेच्या अंगणात रोप लागलं आहे. त्याच्या सावलीत बसायला मी असेन असं वाटत नाही. रोज पाणी घालायला मात्र जातो. मला कुणी तसा हुकूम दिलेला नाही. व्याह्यांनी चौकशी केली तर त्यांना माझंच नाव सापडेल.