बागेतला पाठमोरा मुलगा

कापलेल्या हिरवळीचा ओला वास आला की कॉलेज रोडमागची आमच्या कॉलनीची बाग आठवते. धाकटा भाऊ हायवेवरच्या अपघातात गेला, त्यानंतर आई घराबाहेर पडेचना. एका संध्याकाळी मी तिला जबरदस्तीनेच बागेत नेऊन एका बाकावर बसवलं. माळी लॉन कापत होता, जॉगिंग ट्रॅकवर बायका गप्पा मारत फिरत होत्या, कारंजं नुकतंच सुरू झालं होतं. आई एकदम उठली आणि पुढच्या बाकावर पाठमोऱ्या बसलेल्या एका मुलाच्या खांद्यावर तिने हात ठेवला. भावासारखेच कुरळे केस, तशीच किंचित वाकलेली मान. तो दचकून वळला. “काय मावशी?” आईने हात मागे घेतला. मग म्हणाली, “काही खाल्लंस का रे?” “हो मावशी,” तो हसून म्हणाला. परतताना फाटकापाशी ती थांबली. “त्याचा आवाज असा नव्हता ना गं?” “नव्हता.” “मग कसा होता?” मी सांगायला तोंड उघडलं, आणि मलाही आठवेना. आई फाटक ढकलून चालू लागली. बागेत ती पुन्हा कधीच आली नाही. आता तीही नाही, आणि तो आवाज मला अजून आठवत नाही.