हात मोकळे ठेवून अर्धा तास

"मला चालायचा कंटाळा नाही हो, मला निघायचा कंटाळा आहे," असं ती एकदा जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये ठशांत प्लास्टर ओतणाऱ्या काकांना म्हणाली होती. काका तेव्हा कोपरापर्यंत पांढरे झालेले हात धूत होते. त्यांना वाटलं, ही गुडघ्यांबद्दल बोलतेय. "एकदा उठून उभं राहिलं की मग जमतं," ते म्हणाले, "माझंही तसंच आहे." ती हो म्हणाली. समजावून सांगायचं म्हणजे आणखी एक काम, आणि सुट्टी संपत आली होती.

दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या त्या लॅबमध्ये ती लग्नाच्या आधीपासून होती. लॅब म्हणजे एक तळघर. लांब टेबल, प्रत्येकासमोर मान वाकवता येणारा दिवा, मेण वितळवायची छोटी ज्योत, आणि बिजागरीवर उघडमीट करणारे पितळेचे जबडे. छताला लागून एक आडवी खिडकी होती, ती वर रस्त्याच्या पातळीवर उघडायची. तिच्यातून माणसं दिसत नसत, गुडघ्यापर्यंतचे पाय दिसत. सकाळी घाईचे, दुपारी रेंगाळणारे, संध्याकाळी ओढत नेलेले. बायकांच्या पायांशेजारून बहुतेक वेळा एक पिशवी लोंबकळत जाई.

लॅबमध्ये तिला 'पुढच्या दातांच्या बाई' म्हणत. दाढा कोणीही बसवतं, दाढांना फक्त चावायचं असतं. पुढचे सहा दात मात्र तिच्याकडे यायचे. मेणात दात रोवताना एखादा ती केसभर वाकडा ठेवी, एखादा किंचित आत घेई. अगदी सरळ रांगेत लावले तर तोंड दुकानाच्या काचेत मांडल्यासारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. ज्याच्यासाठी ते दात असत तो माणूस तिनं कधी पाहिलेला नसे. त्याच्या हिरड्यांचा ठसा तेवढा समोर असे, कोरडा आणि पांढरा, आणि त्यावर ती त्याचं हसू उभं करी. दिवसभरात तिला स्वतःचं असं वाटणारं तेवढंच होतं.

मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आधी फक्त सकाळी, मग दुपारीही. एक दिवस तिच्या बोटांतून सुळा सुटला आणि टेबलाखाली गेला. ती खाली बसून प्लास्टरच्या धुळीत हात फिरवत राहिली. दात बोटाखाली आला तरी तिला कळलं नाही. काकांनीच तो पाहिला.

"काय बाई, आत्तापासूनच दात पडायला लागले?"

सगळे हसले, तीही हसली. पण घरी जाताना बसमध्ये तिनं तो हात मांडीवर उताणा ठेवला आणि दुसऱ्या कोणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत बसली.

दुखणं हातात नव्हतंच, मानेत होतं. इतकी वर्षं दिव्याखाली वाकलेली मान. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, दिसायला तिच्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. तिनं मानेचे दोन व्यायाम करून दाखवले आणि म्हणाली, "आणि रोज अर्धा तास चालायचं. सलग. दोन्ही हात मोकळे. पर्स नको, पिशवी नको, मोबाइलसुद्धा हातात नको. खांदे सैल सोडायचे, हात झुलू द्यायचे."

"वजन किती उचललेलं चालेल?"

"सध्या उचलूच नका."

तिला हसू आलं. मुलगी हसली नाही. "मावशी, नस दबलीय. आत्ता ऐकलंत तर हात परत येईल. बोटांतली ताकद एकदा गेली की मग माझ्याकडे येऊनही फार उपयोग नाही."

घरी तिनं हे सगळ्यांना सांगितलं. घर म्हणजे नवरा, सासूबाई आणि दहावीतली लेक. कोणी नाही म्हटलं नाही, हे आधी सांगायला हवं. नवरा बसडेपोत मेकॅनिक होता, दिवसभर गाड्यांखाली झोपून दमून यायचा, तरी दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी चालायचे बूट घेऊन आला. निळे, पांढऱ्या तळव्यांचे. शेजारपाजारी सांगूनही आला. "आता सबब सांगायची नाही," तो म्हणाला. सासूबाईंनी बूट हातात घेऊन वजन पाहिलं. "हलके आहेत गं. आमच्या वेळी नव्हतं असलं काही. आमचं चालणं विहिरीपर्यंत आणि परत." लेक म्हणाली, "आई, तू आता एकदम फिट होणार बघ."

पहिल्या संध्याकाळी भाजी चिरून, कुकर लावून ती दारात बूट घालायला बसली. नाड्या बांधून उठली आणि सवयीनं म्हणाली, "येते मी."

त्या घरात कोणी बाहेर पडताना 'येते' म्हटलं की आतून उत्तर यायचंच.

"अगं, जातेच आहेस तर माझं गुडघ्याचं मलम घेऊन ये. संपत आलंय."

औषधाचं दुकान वाटेवरच होतं. मलमाच्या नळीला वजन ते काय. दुसऱ्या दिवशी लेक आतल्या खोलीतून ओरडली, "आई, जातेच आहेस तर दोन कार्डशीट आण ना, पांढरे, उद्याच हवेत." कार्डशीटची गुंडाळी बगलेत धरून हात झुलत नाहीत. तिसऱ्या दिवशी नवऱ्याची बंद पडलेली इस्त्री दुरुस्तीला. मग वाण्याकडून तेल. मग नणंदेकडे द्यायचा डबा, आणि तिच्याकडून आणायचं शिवणयंत्राचं पायडल. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटत. "चाललातच आहात तर एवढी माझी कचऱ्याची पिशवी खाली टाकाल? माझी कंबर धरलीय." कंबर धरलेल्या बाईला नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं.

महिनाभर ती रोज चालली. बूट मळले, टाचेकडून झिजायलाही लागले. जिन्यात भेटणारे तिचं कौतुक करत. नवरा पाहुण्यांना सांगे, "हिचं एक दिवस चुकत नाही." खरंच चुकत नव्हतं. फक्त ते चालणं नसून बाजार होता, आणि बाजार तर ती बूट नसतानाही करत होती. पूर्वी आठवड्यातून दोनदा जायची, आता रोज. घरातल्यांना हे कळत नव्हतं असंही नाही. त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं, एवढंच. पाय चालतच आहेत, मग हातांनी का बसून राहावं?

मानेचे व्यायाम ती भिंतीकडे तोंड करून करायची. सासूबाई विचारत, "भिंतीत काय बघतेस गं?"

एका रविवारी सगळे नणंदेकडे गेले. लॅबमधून घरी आणलेलं थोडं काम संपवायचं म्हणून ती मागे राहिली. संध्याकाळी बूट घातले. कोणाला 'येते' म्हणायचं नव्हतं. कोणी काही सांगितलं नाही. ती हात हलवत खाली उतरली.

रस्ता तोच होता. कोपऱ्यावरचं चाव्या बनवणाऱ्याचं खोपटं, शाळेची लांब भिंत, पुढे पाण्याची टाकी. तिनं खांदे सैल सोडले. हात झुलायला लागले, आणि तिला कसंतरीच व्हायला लागलं. आधी वाटलं, लोक बघताहेत. कोणी बघत नव्हतं. मग वाटलं, गॅस चालू राहिला. गॅस तिनं दोनदा पाहिला होता. शाळेच्या भिंतीपाशी तर छातीत धस्स झालं, आणि तिनं झटकन मागे वळून पाहिलं. लेक लहान असताना गर्दीत हात सुटला की व्हायचं तसं. मागे कोणीच नव्हतं. काही सुटलं नव्हतं. हातात काही नव्हतं, इतकंच झालं होतं.

टाकीपर्यंत ती गेलीच नाही. भाजीवाल्यापाशी थांबली आणि बटाटे घेतले. घरात बटाटे होते, टोपली भरून होते. पिशवी नव्हती म्हणून भाजीवाल्यानं पातळ प्लास्टिकची दिली. तिचे बंद बोटांत रुतले, उजव्याच हाताच्या, आणि तिला बरं वाटलं. तशीच ती घरी आली.

बटाटे टोपलीत ओतताना ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. आजवर तिला वाटत होतं, घरचे आपल्याला मोकळं सोडत नाहीत. आज तर सोडलं होतं.

रात्री सासूबाईंनी टोपली पाहिली. "इतके कशाला आणलेस गं? कोंब येतील."

पुढच्या तपासणीला व्यायामवाल्या मुलीनं तिला आपली बोटं घट्ट धरायला सांगितली. डाव्या हातानं धरली. उजव्यानंही धरली, पण मुलीनं ती सहज सोडवून घेतली. मग तळहात उलटा करून बोटांच्या पेरांवरचा वळ दाबून पाहिला.

"हे कशाचं, मावशी?"

"असंच."

"चालता ना रोज?"

"रोज चालते."

मुलीनं कागद पुढे ओढला आणि ती लिहू लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात एका डॉक्टरांकडून पुढचे सहा दात परत आले, अजून मेणातच असलेले. सोबत निरोप होता, की पेशंटबाई आरशात बघून म्हणाल्या, ही मी नाही. तिनं पाहिलं. डावीकडचा दुसरा दात फिरला होता. तो तिनं वाकडा ठेवलेला नव्हता, तिच्या बोटांनी ठेवला होता, तिला न विचारता.

संध्याकाळी मालक तिच्या टेबलापाशी आले. ते नेहमी उभ्यानंच बोलायचे, आज स्टूल ओढून बसले, तेव्हाच तिला कळलं.

"बाई, थोडे दिवस दाढा करा. हाताला आराम पडेल. पुढचं काम ही नवीन मुलगी बघेल."

"थोडे दिवस म्हणजे?"

"हात सुधारला की घ्या ना परत. तुमचंच आहे ते."

ते गेल्यावर काकांनी पलीकडून नेहमीसारखा विनोद करायला तोंड उघडलं आणि नुसतेच खोकले. नवीन मुलगी संकोचानं आली आणि दातांचा ट्रे उचलून घेऊन गेली. तिनं दाढा पुढ्यात ओढल्या. वरच्या खिडकीतून पाय जात होते. त्यांतले पिशवीविना, रिकामे जाणारे तिनं आज पहिल्यांदाच नीट पाहिले. ते सावकाश चालत होते. त्यांना कुठे पोचायचं नव्हतं.

घरी आली तेव्हा सासूबाई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या. नवरा अंघोळ करून, ओले केस तसेच ठेवून टीव्हीवर बातम्या बघत होता. लेक जमिनीवर पोटावर झोपून अभ्यास करत होती. तिनं हातपाय धुतले, कुकर लावला. लॅबमध्ये काय झालं ते सांगावं असं एकदा वाटलं. पण मग सगळ्यांनी काळजी केली असती, नवऱ्यानं मोठा डॉक्टर शोधला असता, सासूबाईंना रडू आलं असतं, आणि त्या सगळ्यांना शांत करायचं कामही तिच्याच वाट्याला आलं असतं.

ती दारात बूट घालायला बसली. नाडीची गाठ बोटांतून दोनदा निसटली. बूट दिसले तसा घराला आवाज फुटला.

"आई, जातेच आहेस तर माझं पेन, निळं, जाड टोकाचं."

"आणि अगं, ते दूधवाल्याला सांग ना, उद्यापासून एक पिशवी जास्त दे म्हणावं," नवरा म्हणाला.

"हो गं, आणि बटाटे नको आणूस हं आता," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. नवरा म्हणाला, "आपल्याकडे बटाट्याचं गोदाम आहे, आई, तुला माहीत नाही?" हसण्यात वाईट काही नव्हतं. एरवी तीही हसली असती.

ती उठली. तिचा उजवा हात वर गेला आणि दारामागच्या खुंटीवरची कापडी पिशवी त्यानं काढून घेतली. तिनं सांगितलं नव्हतं. ती क्षणभर त्या हाताकडे बघत राहिली. पिशवीच्या तळाशी कधीचं तरी कांद्याचं साल होतं. अंगठ्याला कापड लागत होतं की नाही, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

ती परत आत आली, आणि पिशवी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?" तो टीव्हीवरून नजर काढून म्हणाला. "काय आणायचंय? अगं, मी आत्ताच अंघोळ केलीय."

ती रागावलेली नव्हती. राग यायला जे बळ लागतं ते तिच्यात शिल्लक नव्हतं. सासूबाईंचे हात वाटाण्यांवर थांबले होते. लेकीनं मान वर केली होती. तिघंही वाट बघत होते, ती आता काहीतरी म्हणेल, निदान 'येते' तरी म्हणेल, म्हणजे राहिलेलं सांगता येईल.

तिनं दार उघडलं, आणि दोन्ही हात बाजूला सोडून, काही न बोलता, बाहेर पडली.