पहिल्या खळग्यातलं रक्त
वरणात हळद पडली की मला जबलपूरची ती जनावरांची प्रयोगशाळा आठवते. कुत्र्यांना गोचिडांपासून होणारा ताप रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ओळखायच्या दोन तपासण्या आम्ही तेव्हा ताडून पाहत होतो. रक्ताचा थेंब टाकायची पट्टी दहा मिनिटांत सांगायची, छोट्या खळग्यांच्या प्लेटला दुसरा दिवस उजाडायचा. राइट टाउनच्या एक बाई आपला कुत्रा चादरीत गुंडाळून ऑटोनं घेऊन आल्या. त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी त्याचं रक्त काढलं; पट्टीवर एकच रेघ उमटली. "एक रेघ म्हणजे ताप नाही ना, भैया?" त्यांनी विचारलं. "नाही जी, घरी न्या," मी बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी प्लेटमधला त्याचा खळगा हळदीसारखा पिवळा झाला, म्हणजे ताप होताच. मी लगेच फोन केला. "आता काहून फोन करून राहिले? सकाळीच गेला तो," त्या म्हणाल्या. इतका ठळक रंग सहसा मिळत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्या कुत्र्याचं उरलेलं रक्त जपून ठेवायला लावलं. पुढं प्रत्येक प्लेटच्या पहिल्या खळग्यात, आजाराचा रंग कसा दिसतो हे कळावं म्हणून, मी तेच टाकत राहिलो. दोन वर्षं तो खळगा एकदाही चुकला नाही. त्या बाईंना मी हे कधी सांगितलं नाही. घरी मात्र हळद कमी घाला म्हणतो, आणि कारण कुणाला विचारू देत नाही.