कुंडावरची पाणमांजरं

कुकडीला धरणाचं पाणी सुटलं की आमचे मालक मला मोटारसायकलवर बसवून टाकळी हाजीच्या कुंडावर न्यायचे. तिथं नदी काळ्या कातळातल्या खोल घळीत कोसळते आणि रांजणासारख्या खळग्यांत गरगरत राहते. काठावर उभे राहून ते दरवेळी सांगायचे, "ल्हान व्हतो तवा हितं पाणमांजर पाह्यलंय म्या." मी हसायचे. गावातही कुणी ते खरं धरलं नाही.

ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी पाणी सुटल्याचं कळलं. झेंडूची तोडणी आटोपून मी एकटीच निघाले. टाकळीपर्यंत जीप मिळाली, पुढं चालत गेले. झुलत्या पुलावर कॉलेजची पोरं फोटो काढत होती. मी त्यांच्यापासून लांब, काठाकाठानं खाली जाऊन बसले. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

समोरच्या खडकाशी एक ओलं डोकं वर आलं. आधी मला साप वाटला. मग मिशा दिसल्या, जाड शेपूट दिसली, तोंडात तडफडणारा मासा. मागून दुसरं आलं. पहिल्यानं मासा खाली ठेवला तशी दुसऱ्यानं तो ओढून घेतला आणि दोघं खडकावर लोळत भांडायला लागली.

"अहो, बघा की!" मी मोठ्यानं म्हणाले आणि शेजारी वळले. नुसता कातळ होता. मी पुन्हा समोर पाहिलं तर ती पाण्यात उतरली होती. रडू आलं, ते येऊ दिलं.

वर आल्यावर पुण्याला लेकाला फोन लावला.

"आरं, तुझ्या बापाचं पाणमांजर खरं हाय. दोन दिसली मला."

"फोटो काढलास?"

"न्हाई रं."

"आई, एकटी तिकडं जाऊ नकोस. पाय घसरला तर? मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलतो."

संध्याकाळी फोन आला. माझ्या बीपीच्या गोळ्यांचं विचारलं आणि ठेवला.

थोरल्या जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मुंगूस आसंल, बाई."

त्यानंतर दोनदा जाऊन आले. पाणी ओसरलं होतं, पाणमांजरं दिसली नाहीत. परवा पुन्हा निघताना जाऊबाईंना म्हटलं, "चला की माझ्यासंगं."

"कांदा काढायचाय," त्या म्हणाल्या.

मी पिशवीत भाकरी बांधली आणि रस्त्यावर जीपची वाट बघत उभी राहिले.