टाकी भरेपर्यंतचा इतिहास

ऐतिहासिक वास्तूसमोर उभं राहिलं की माणसाला आपल्या क्षुद्रतेची जाणीव होते. निदान तसं लिहायची पद्धत आहे. आमच्या बाबतीत ती जाणीव होण्याआधी गाडी लावायला जागा शोधावी लागायची, आणि जागा मिळेपर्यंत जाणिवेची वेळ निघून गेलेली असायची.

गाडी दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुप्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि पारनेरच्या सुताराला हाताशी धरून तिच्यात पलंग, ओटा, बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात संडास बसवून घेतला. ते तिला 'फिरतं घर' म्हणत. ताई तिला 'ती गाडी' म्हणे.

"घर पारनेरला आहे," ती सांगायची. "ओट्याला लागून संडास असतो त्याला घर म्हणत नाहीत."

श्रीरामपूरचा एक मंडपवाला गाडी घ्यायला तयार होता. ताईनं त्याला रविवारी संध्याकाळी बोलावून ठेवलं होतं. त्याआधी दाजींना एक सहल मंजूर झाली: शनिवार-रविवार, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, किल्ले आणि संग्रहालयं. सहलीनंतरही ताईचं मत तेच राहिलं तर गाडी जायची होती. मला साक्षीदार म्हणून घेतलं असावं. दाजी मला माहितगार म्हणत होते, पण माहिती तेच सांगत होते.

पाट्यांवर जिल्ह्याचं नवं नाव होतं, मैलांच्या दगडांवर जुनं, आणि दाजी दोन्हीकडे न बघता नगरला पोचले. एका संग्रहालयात गेलो. तिथली सगळ्यात चांगल्या अवस्थेतली वस्तू म्हणजे उद्घाटनाची कोनशिला. तलवारी पुष्कळ होत्या. कोणाच्या, ते चिठ्ठ्या पुसट झाल्यामुळे तलवारींनाच ठाऊक. ताई एका मेण्यापुढे बराच वेळ थांबली. मला वाटलं, कोरीवकाम बघते आहे.

"काय रे," ती म्हणाली, "ह्यात बसून राण्या दिवसदिवस प्रवास करायच्या. मग त्या जायच्या कुठं?"

मी इतिहासाची बरीच पुस्तकं वाचली आहेत. उत्तर एकातही नव्हतं.

दाजींनी संधी साधली. "आपल्या गाडीत आहे की सोय."

"मी ढाब्यावर जाईन," ताई म्हणाली.

ओट्यावर चहासुद्धा करायचा नाही, हेही तिनं ठरवलं होतं. घरून दशम्या आणल्या होत्या. रात्र नगरात होती आणि माझं घर तिथंच, म्हणून ती माझ्याकडे झोपली. दाजी गाडीत झोपले, माझ्याच दारात.

रविवारी सकाळी आम्ही तासाभरावरच्या एका पडक्या किल्ल्यावर गेलो. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं ते कुठल्याही किल्ल्यावर घडलं असतं. वेस होती, अर्धा बुरूज होता, एका कॉलेजची सहल बुरुजावर फोटो काढत होती. वेशीजवळ नवं स्वच्छतागृह होतं. त्यावर लोकार्पणाची पाटी होती, पाटीवर बरीच नावं होती आणि खाली कुलूप होतं. किल्ली पहारेकऱ्याकडे, पहारेकरी लग्नाला.

तेवढ्यात पाथर्डीकडच्या बायकांचा एक टेम्पो आला. देवदर्शन करून निघालेल्या होत्या. त्यांनी कुलूप पाहिलं, बुरुजावरची पोरं पाहिली, सपाट माळ पाहिला. आडोसा म्हणावा असं झुडूपही नव्हतं. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी काठी टेकत आमच्या गाडीपाशी आली आणि आत डोकावली.

"दवाखान्याची गाडी हाय का ही?"

"नाही आजी, हे फिरतं घर आहे," दाजी खुलले. "इथं पलंग, हा ओटा, मागं संडास—"

"संडास हाय व्हय?"

"आहे ना! त्याची टाकी आपण स्वतः बनवून घेतली. तिचं तंत्र असं आहे की—"

"अहो," ताई म्हणाली, "तंत्र मागनं सांगा. आधी बाजूला व्हा."

तिनं म्हातारीला हाताला धरून वर घेतलं. बाकीच्यांनी लगेच रांग धरली. दाजींना आणि मला ताईनं वेशीकडे पिटाळलं, पण दार दिसत होतं. थोड्या वेळानं म्हातारी बाहेर आली.

"लई झ्याक," तिनं रांगेला सांगितलं. "राणीला बी आसं मिळालं नसंल."

ताईच्या पर्समध्ये, वाटेत एखादं देऊळ लागेल म्हणून, कुंकवाची डबी होती. आलेली बाई निघाली की कुंकू लावायचं, हे तिच्या हाताला विचारावं लागत नाही. हात पुढे झाला. म्हातारीनं कपाळ मागे घेतलं.

"आमाला नगं बाई कुकू. मालक गेल्यात."

ताईचा हात थांबला. मग ती आत वळली आणि दाजींचा साखरेचा डबा उघडला, ज्याला तिनं दोन दिवस बोट लावलं नव्हतं. म्हातारीच्या तळहातावर चमचाभर साखर ठेवली. नंतर उतरणाऱ्या प्रत्येकीला आधी साखर दिली, आणि जिनं कपाळ पुढे केलं तिला कुंकू.

दाजी बुरुजाकडे पाठ करून हे बघत होते. टाकीचं तंत्र सांगायचं राहिलंय, हेही ते विसरले होते.

टेम्पो गेल्यावर ताईनं पायरी झाडून काढली आणि ओट्यावर चहा ठेवला. तिघांचे कप भरले.

"अहो, त्या मंडपवाल्याला फोन करा. येऊ नको म्हणावं."

"का गं?" दाजींनी मुद्दाम विचारलं.

"का म्हणजे? पायरी हलतेय, ती आधी नीट करून घ्या. कुणी पडेल."

दाजी फोन करायला गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. परत आले तेव्हा डोळे पुसत होते आणि हातात टाकीचं झाकण होतं.

पुढच्या संग्रहालयात एक अस्सल तोफ आहे म्हणतात. ती आम्ही पाहिली नाही. टाकी भरली होती.