भोजराजचं गोड बोलणं

नवऱ्याच्या पुस्तकांवर तुळसाबाईचा असा राग होता, की सवतीवरही कुणी इतका धरला नसता. भोजराज बालाघाटच्या एका धानाच्या गिरणीत मुनीम. कामानं गोंदियाला गेला, की स्टेशनवरून एक हिंदी पुस्तक काखेत मारून आणायचा. माणसं कशी जोडावी, जगात मोठं कसं व्हावं, असलं काहीबाही त्यात असायचं. मग रोज सकाळी हा बाप्या आरशापुढं उभा राहून हसायची प्रॅक्टिस करायचा.

"एकटेच काहून हसून राह्यले?" ती विचारायची.

"हसऱ्या माणसाले जग जिंकता येते, शीलाची माय."

"जग मंग जिंका. आधी लाकडं फोडा, चूल विझून राह्यली."

लाकडं अर्थातच तिलाच फोडावी लागायची. शेजारच्या महागूची माय गेली तेव्हा हा भेटायला गेला, आणि तिथंही चेहरा हसरा! महागूच्या भावानं त्याची गचांडीच धरली. घरी येऊन म्हणतो काय, तर पुस्तकातलं ते प्रकरण नीट वाचायचं राहिलं. तुळसाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

तोवर हसण्यावारी गेलं. पुढं गोष्ट पोरीवर बेतली.

शीला त्यांची एकुलती एक. मास्तरणीच्या ट्रेनिंगला होती आणि अजून एक वर्ष बाकी होतं. तुळसाबाईला लहानपणी शाळेतून ओढून बोहल्यावर उभं केलं होतं. तो सल तिच्या मनातून कधी गेला नाही. म्हणून लांजीचं स्थळ आलं तेव्हा तिनं नवऱ्याला बजावलं, "आधी ट्रेनिंग, मंग लगन. हे पंचाईसमोर पक्कं बोला." तो हौ म्हणाला. कुणालाही तो हौच म्हणायचा.

मुलाचा बाप डोमाजी पंचांना घेऊन आला. पुरुषमंडळी ओसरीवर बसली, मायलेकी दाराआड उभ्या राहिल्या. त्यांच्यात रीत अशी, की मुलीच्या बापानं पंचांसमोर हौ म्हणायचं आणि पंचांनी सुपारी फोडायची. एकदा सुपारी फुटली की बोलणं संपलं. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याच्या घरी समाजातलं कुणी पाणीसुद्धा पीत नसे.

डोमाजीनं पान जुळवत विषय काढला. "पोरीले आता शाळा-फाळा पुरे. याच आखाडाच्या आधी लगन उरकू. आमच्या घरी सुनेले नोकरी कराले लावत नाही."

भोजराज गोड हसला. "हौ, डोमाजी. तुमचं अगदी बरोबर आहे."

पुस्तकात लिहिलं होतं, की वाद घालू नये. समोरच्याला आधी बरोबर म्हणावं, तो खूश झाला की हळूच आपल्या बाजूला वळवावं. हे वळवायचं काम भोजराजनं चहानंतर करायचं ठरवलं होतं. पंच कशाला थांबतात? त्यांनी हौ ऐकलं आणि कचकन सुपारी फोडली.

आत शीलानं आईचा दंड धरला. तुळसाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. डोक्यावरचा पदर सावरत ती सरळ ओसरीवर आली.

"असं ठरलं नव्हतं. पोरीचं ट्रेनिंग पुरं झाल्याबिगर लगन होनार नाही."

डोमाजीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. "भोजराजभाऊ, या घरात शब्द कोणाचा चालते? तुमचा का बाईचा?"

सगळे भोजराजकडं पाहू लागले. एक 'नाही' पुरत होतं. त्यानं डोमाजीकडं पाहिलं, पंचांकडं पाहिलं, आणि बायकोवर खेकसला, "चूप! अंदर जाय. तुले काय समजते?"

लगेच पाहुण्यांकडं वळून पुन्हा हसला. "बाईमाणसाचं मनावर घेऊ नका."

तुळसाबाई आत गेली ती शीलाची पेटी घेऊनच बाहेर आली. म्हणाली, "फोडा किती फोडता ते सुपाऱ्या. लगन लावाले पोरगी लागते. ते मी घेऊन चालली." पंचांच्या मधून लेकीचा हात धरून ती रस्त्याला लागली.

समाजानं तिला काय काय म्हणून घेतलं! भोजराजची मात्र सगळ्यांना कीव आली. बिचारा एवढा गोड माणूस, बायको कशी कैदाशीण मिळाली! तुळसाबाई भावाच्या घरी राहिली, लोकांकडं धान कांडून तिनं लेकीचं ट्रेनिंग पुरं करवलं. शीलाला बिरशाकडच्या एका खेड्यात शाळा मिळाली, तशी माय तिच्याकडं गेली.

एका रविवारी भोजराज तिथं आला. शीलानं खाट टाकली, चहा दिला, "बसा" म्हणाली आणि वह्या तपासायला आत निघून गेली. बाहेर आलीच नाही. तो बराच वेळ दाराकडं पाहत बसला. चहावर साय धरली.

"पोरगी माह्याशी बोलत काहून नाही?" त्यानं विचारलं. या वेळी तो हसत नव्हता. "मी जल्मात कोणाले वाकडं बोललो नाही, शीलाची माय."

"मले बोलले," तुळसाबाई म्हणाली. "तिनं ऐकलं."