मंगळवारी गर्दी नसते

परभणीच्या बसस्थानकावर बसवराज अप्पांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. सगळ्यांचे ते कंट्रोलर अप्पा. एकतीस वर्षं जाळीच्या खिडकीमागं बसून त्यांनी गाड्या सोडल्या. माइक हातात आला की त्यांची भाषा कडक इस्त्रीची व्हायची, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' संध्याकाळी ताडकळसला घरी पोचले, की पायताण काढता काढता ती इस्त्री मोडायची आणि आतून 'लय दमलो बगा' बाहेर पडायचं.

अप्पांना एक नाद होता. वेरूळ.

सुरुवात साधीच झाली. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक नवीन जोडपं खिडकीशी येऊन भांडलं. ह्यांनी सांगितलेल्या गाडीनं गेले, वेरूळला पोचेपर्यंत सूर्य बुडाला आणि लेण्यांचं फाटक बंद झालं. नवरी तर रडायच्या बेतात होती. अप्पांच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून संभाजीनगरच्या गाडीतून जो उतरेल त्याला ते विचारू लागले, "लेणी बघून आलात का? किती वाजता पोचलात? तिकिटाला रांग किती? ऊन कुठं लागलं?" उत्तरं लाल पुठ्ठ्याच्या एका जाड वहीत उतरवली जाऊ लागली. 'सोळा नंबरचे कैलास आधी पाहावे. उलट केल्यास पाय संपतात.' 'दुपारी दगड तापतो, मोजे ठेवावे.' 'माकडे आहेत, शिदोरी झाकावी.' 'कैलासच्या अंगणात हत्ती आहे, सोंड तुटलेली.'

पाच-सात वर्षांत ही वही इतकी पिकली, की सहल काढणारे मास्तर आधी हेडमास्तरांकडं न जाता अप्पांच्या खिडकीवर यायला लागले. अप्पा डोळे मिटून कैलास सांगायचे. कळसापासून सुरुवात केली, वरून खाली खोदत आले, आधी शिखर मग पाया, असं सांगताना हातसुद्धा वरून खाली आणायचे. एखादा विचारायचाच, "अप्पा, तुमी स्वतः कितीदा गेलात?"

"आता ते मोजत बसू का?" अप्पा म्हणायचे.

ह्या उत्तरात खोटं एक अक्षर नव्हतं. खरंही नव्हतं. कारण अप्पांनी वेरूळ एकदाही पाहिलं नव्हतं.

जायचं मनात नव्हतं असं नाही. पण महाशिवरात्र आली की जादा गाड्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत जादा गाड्या, दिवाळीत तर विचारूच नका. गावाला गाडीत बसवणाऱ्या माणसाला स्वतः बसायला गाडी मिळत नाही. आणि पुढं पुढं अडचण वेगळीच झाली. इतकी वर्षं सांगितल्यावर आता पहिल्यांदा जायचं कोणत्या तोंडानं?

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हा थोरली बहीण बसम्मा माहेरपणाला आली. चौऱ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे वाजणारे, जीभ मात्र शाबूत. जेवता जेवता म्हणाली, "बसू, तुझं वेरूळ ऐकून ऐकून माझे कान किटले. गुडघे हायेत तवर एकदा दाखव तरी."

अप्पांनी घाईघाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पण मनात कुठंतरी लाडूही फुटला. अक्काच्या नावाखाली जाता येईल, बघता येईल आणि बिंग फुटणार नाही. त्याच दुपारी त्यांनी फुलस्केप कागदावर नियोजन मांडलं. चार पानं झाली. पाचला निघणे. अक्काची लिंगपूजा, पंचवीस मिनिटे. अकराला तिकीट. कैलास, पंचावन्न मिनिटे. वार, मंगळवार.

क्रूझर ठरली. अप्पा, त्यांच्या पत्नी वैजयंताबाई, अक्का, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी धाकटी लेक रुद्राणी. गाडीत जागा होतीच म्हणून शेजारचे दिनकरराव. दिनकरराव म्हणजे सात एकर जमीन, दोन म्हशी आणि कुणाचंही मन मोडायचं नाही असा स्वभाव.

"अप्पा, बुधवारी जाऊ की," दिनकरराव ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले.

"कामून?"

"मंगळवारी रानात मोटर चालू करायची हाय. दिवसा लाईट असती."

"तुमची लाईट ह्या हप्त्यात रात्रीची हाय. मी इचारून ठिवलंय."

दिनकररावांनी बशीत चहा ओतला. मग म्हणाले, "मंगळवार जरा... लांबच्या वाटंला बरा नसतो म्हणतात."

"तुमी कवापासून वार पाळायलात?"

तेवढ्यात रुद्राणी मोबाइल घेऊन बाहेर आली. "अप्पा, ऑनलाइन तिकीट काढायलेय, पण मंगळवार दाबताच येईना. सोमवार दबतोय, बुधवार दबतोय. त्या दिवशी बंद तर नसंल?"

"नेट जायलंय तुझं."

"नेट जायलंय तर सोमवार कसा दबतोय?"

अप्पांनी आत जाऊन लाल वही आणली, चष्मा लावला आणि पान काढून मोठ्यानं वाचलं. "मंगळवार. गर्दी अजिबात नाही, निवांत. सांगणार, वालूरचे एक व्यापारी. मंगळवार. शुकशुकाट, फार समाधान. सांगणार, एक शिक्षक. मंगळवार. रांग नाही, धक्काबुक्की नाही. सांगणार, दिनकरराव, ताडकळस." वही मिटली. "अशा सात नोंदी हायेत. आता सांग, तुझा मोबाइल खरा का सात माणसं खरी? इचार दिनकररावांना, बसलेत इथंच."

रुद्राणीनं दिनकररावांकडं पाहिलं. दिनकररावांनी बशीत पाहिलं.

"नव्हती," ते म्हणाले. "तवा गर्दी नव्हती."

मंगळवारी पाचला गाडी निघाली. मंठ्याच्या अलीकडं उजाडलं तसं अक्कानं गाडी थांबवायला लावली. लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नाही. रस्त्याकडेच्या एका हापशावर हातपाय धुऊन, चिंचेखाली दस्ती अंथरून ती बसली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, आणि डोळे मिटले ते मिटलेच. पंचवीस मिनिटांची पन्नास झाली. अप्पा घड्याळ बघत चिंचेला तीन फेऱ्या मारून आले. कितीतरी ड्रायव्हरांना दोन मिनिटांच्या उशिरासाठी झापलेला हा माणूस, पण थोरल्या बहिणीच्या पूजेला शिट्टी कोण मारणार?

साडेअकराला वेरूळ आलं. गाड्या लावायच्या जागेत एक कुत्रं झोपलेलं होतं. बाकी काही नव्हतं.

अप्पांचा चेहरा उजळला. "बगा," ते खाली उतरत म्हणाले, "म्हणलं हुतं का न्हाई? गर्दी अजिबात न्हाई."

फाटकापर्यंत ते सगळ्यांच्या पुढं चालत गेले. फाटक लावलेलं होतं. लिंबाखाली खुर्ची टाकून पहारेकरी बसला होता.

"काका, आज मंगळवार," तो म्हणाला. "बंद असतं."

"आजच?"

"दर मंगळवारी. तिथं पाटी हाय की."

पाटी होती. चांगली मोठी होती. अप्पांनी ती वाचली, चष्मा पुसून परत वाचली. एसटीच्या माणसाचा पाटीवर विश्वास असतो. त्यांनी वही उघडली आणि एकदा वहीकडं, एकदा पाटीकडं बघत राहिले.

"मग ही सात माणसं...?"

मागून दिनकररावांचा आवाज आला, विहिरीतून आल्यासारखा. "अप्पा, मी बी मंगळवारीच आलो हुतो. अकरा वर्सं झाली. हितंच हुबा हुतो, हे कुत्रं नव्हतं तेवढंच."

"आणि मला सांगितलंत, रांग न्हाई, धक्काबुक्की न्हाई?"

"नव्हतीच की."

रुद्राणीनं पदरासारखी ओढणी तोंडाला लावली.

"तुमी इतक्या कौतुकानं सगळं लिहून दिलतं," दिनकरराव म्हणाले. "कुठं बसायचं, काय खायचं. परत आलो तर तुमी खिडकीतून हात करून इचारलं, कसं झालं दिनकरराव? तुमचं तोंड बघून सांगवंना. आणि येवढं भाडं घालून फाटक बघून आलो, हे गावात तरी कसं सांगावं? बाकीच्या सहांचं बी तसंच झालं असंल."

अप्पांनी वही मिटली. कुणाला बोलणार? सात माणसांनी त्यांचं मन राखलं होतं आणि वहीत ते मन व्यवस्थित वारासकट नोंदलं गेलं होतं.

जवळच घृष्णेश्वराचं देऊळ उघडं होतं. सगळे तिकडं गेले. अक्कानं दर्शन घेतलं, देवळाच्या सावलीत बसून पाय चोळले आणि समाधानानं म्हणाली, "झालं माझं. देव भेटला, आता घरला चला. गुडघे ओरडायलेत."

दिनकरराव लगेच उठले. गाडीचं भाडं एकाच दिवसाचं ठरलं होतं, परमेश्वर ड्रायव्हर किल्ली खेळवत उभा होता. वैजयंताबाई डबे आवरायला लागल्या. आणि कंट्रोलर अप्पा, ज्यांनी लाखभर माणसांना 'लवकर बसून घ्या' म्हटलं असेल, जागचे हलेनात.

"उद्या बुधवार हाय," ते म्हणाले. "एक रात राहू. सकाळी उघडलं की बघू."

"माझ्यासाठी न्हाई थांबायचं बाबा," अक्का म्हणाली. "मला शिव भेटल्याशी कारण. आन् तुझं तर कितीदा बघून झालंय. परत बघून काय करतोस?"

आता इथं 'ते मोजत बसू का' म्हटलं असतं तर निभावलं असतं. वाक्य ओठांवर होतं, इतक्या वर्षांची सवय होती. पण ते म्हणायचं तर गाडीत बसावं लागत होतं. आणि मैलभरावर, त्या फाटकापलीकडं कैलास होतं.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अक्का, मी बघितलं न्हाई."

"काय?"

"एकदाबी न्हाई."

परमेश्वरच्या हातातली किल्ली थांबली.

"मग ते हत्ती? ते कळसापास्नं खाली?" अक्कानं विचारलं.

"लोकांनी सांगितलेलं. मी लिहून घेतलं."

अप्पांनी वैजयंताबाईंकडं चोरून पाहिलं. त्या डब्याचं झाकण दाबत होत्या.

"मला ठाव हुतं," त्या झाकणाकडंच बघत म्हणाल्या. "एकतीस वर्सं तुमचा डबा मी भरला. सुट्टीच्या दिवशी तुमी घरी जेवलात आणि कामाच्या दिवशी डबा संपवून आलात. वेरूळला काय उपाशी जाऊन आला असता? पण खिडकीत बसून सांगताना तुमचं तोंड लय चांगलं दिसायचं, म्हणून म्हणलं, असू द्या."

सर्वांत मोकळे झाले ते दिनकरराव. ते अप्पांच्या शेजारी येऊन टेकले. "म्हणजे आपुन दोघं बी एकाच गाडीचे."

"तुमी फाटकापर्यंत तरी आला हुता," अप्पा म्हणाले.

अक्कानं हाताचा टेकू देऊन गुडघा सरळ केला. "परमेश्वर, किल्ली ठिव खिशात. ह्याला न बघता नेला तर आता मरेपर्यंत फाटकाचं वर्णन ऐकावं लागंल."

भक्तनिवासात दोन खोल्या मिळाल्या. परमेश्वरला एका दिवसाचं भाडं जादा कबूल झालं, त्यातलं अर्धं दिनकररावांनी हट्टानं अंगावर घेतलं. जुन्या पापाचं होतं, असं म्हणाले. रुद्राणीनं मोबाइल काढला, बुधवार दाबला, आणि तो दबला. पण अप्पा म्हणाले, "न्हाई. खिडकीवर जाऊन काढतो." खिडकीबाहेर उभं राहून तिकीट मागायची त्यांना कधी पाळी आली नव्हती. बुधवारी पहाटे अक्काची पूजा आटोपली, आणि फाटक उघडलं तेव्हा पहिले अप्पा होते. आतल्या माणसाला त्यांनी विनाकारण "नमस्कार साहेब" केला.

अप्पा कैलासच्या दारातून आत गेले. रुद्राणी वाट बघत होती, आता हात वरून खाली येईल म्हणून. आला नाही. ते नुसते मान वर करून उभे. मग मागं सरकले, आणखी मागं सरकले, पाठ भिंतीला टेकली तेव्हा वळून भिंत बघितली आणि हात लावला. तीसुद्धा त्याच डोंगराची होती.

"बसू," अक्कानं अंगणात बैठक मारून हाक दिली, "तुझ्या वहीत हत्ती किती?"

"एक."

"हितं दोन हायेत. दोन बाजूला दोन."

"बघू," म्हणून अप्पा गेले. दोन होते. लोक एक बघून थकून परतले असावेत. त्यांनी खिशातून पेन काढलं, वही उघडली, आणि काही न लिहिता परत मिटली.

"येवढा दगड काढला, तर तो टाकला कुठं असंल?" त्यांनी दिनकररावांना विचारलं.

"मला काय इचारता? मी फाटकवाला माणूस."

नियोजनात कैलासला पंचावन्न मिनिटं होती. सव्वातीन तास झाले. बाकीची लेणी राहिली ती राहिलीच, दगड तापला, मोजे गाडीत विसरले होते, आणि उघडी शिदोरी बघून माकडानं अक्काची एक दशमी नेली. वही ह्या बाबतीत खरी निघाली, म्हणून अप्पांना जरा बरंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात ताडकळसच्या थांब्यावर दिनकरराव आणि अप्पा बाकड्यावर बसले होते. राणीसावरगावचे एक पाहुणे, महारुद्र म्हणून, लेकीच्या सासरी आले होते. कुणीतरी त्यांना अप्पांकडं पाठवलं होतं.

"अप्पा, वेरूळला जायचंय. कोणत्या वारी बरं?"

"मंगळवार सोडून कवाबी जा. मंगळवारी बंद असतंय."

"नक्की का? आमच्याकडचा एक जण मंगळवारीच जाऊन आला. निवांत हुतं म्हणला."

दिनकररावांना ठसका लागला.

अप्पांनी त्यांची पाठ थोपटली. "नक्की," ते म्हणाले. "मी स्वतः जाऊन आलोय."